सड्यावरचा वारा आणि दोन टक्के

मुंबईला कोळशाच्या धुराशिवायची वीज मिळायला लागली ती १९१५ साली. लोणावळ्याच्या डोंगरात वळवणसारखी धरणं बांधली, त्यांचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरवलं, तिथे जनित्रं फिरली आणि तारांवरून वीज थेट गिरणगावात आली. १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र सुरू झालं, १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावरचं भिरा. आज जिला आपण अक्षय ऊर्जा म्हणतो, ती या शहराने शंभर वर्षांपूर्वीच वापरायला घेतली होती.

मुळशीच्या धरणाखाली आंबेमोहोराची खाचरं गेली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा. धरण झालंच.

या इतिहासातली एक गोष्ट मला नेहमी थांबवते. धरण बांधणारं टाटांचं घराणं कंजूष नव्हतं. उलट, देणगी द्यावी तर अशी, असं सारा देश ज्यांच्याबद्दल म्हणत होता तेच हे घराणं. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था जमशेटजींच्या देणगीतून उभी राहिली होती. तरीही मुळशीच्या शेतकऱ्याचा प्रश्न त्या दातृत्वाने सुटला नाही, सुटणारही नव्हता. त्याला देणगी नको होती. माझ्या खाचराचं काय करायचं हे मला विचारून ठरवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

माझे आजोबा पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले. त्यांचे साचे मुळशीच्या पाण्यावर चालायचे हे त्यांना माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. १९८२ च्या संपानंतर गिरणी उभी राहिली नाही. त्या भागात आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांतल्या काहींमध्ये सौर आणि पवन ऊर्जेच्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं आहेत. माझं काम मला तिथेच नेतं. कंपन्यांनी सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी कायद्याने खर्चायचा पैसा जिथे खर्च केला, तिथे जाऊन त्याने खरंच काय झालं ते बघायचं, लोकांशी बोलायचं, अहवाल लिहायचा. जानेवारी २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना असं मूल्यमापन करून घ्यावंच लागतं: ज्यांची सीएसआरची सरासरी रक्कम १० कोटी किंवा जास्त, त्यांनी १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं, प्रकल्प संपून किमान वर्ष उलटल्यावर.

या पैशाने चांगलं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मोखाड्याच्या एका पाड्यावर सौरपंप बसला आणि विहिरीतलं पाणी वर टाकीत आलं. एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडा घेऊन दरीत उतरणं थांबलं. तिथल्या एका म्हातारीने मला नळ उघडून दाखवला, बंद केला, परत उघडून दाखवला. तिचा तो आनंद कुठल्याही तक्त्यात मावणारा नाही. हे काम ज्यांनी केलं, त्यांनी मनापासून केलं होतं.

पण त्याच पट्ट्यात असे पाडे आहेत, जिथे सौर दिव्याचे खांब उभे आहेत आणि दिवे लागत नाहीत. पॅनेल ठीक असतं, बॅटरी गेलेली असते. बॅटरीचं आयुष्य काही वर्षांचं, हे खांब बसवताना सगळ्यांना माहीत असतं. पण कंपनीचा खर्च आर्थिक वर्षात होतो, ३१ मार्चला त्याचा हिशेब मिटतो, आणि बॅटरी मरते ती तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात. तेव्हा ज्या संस्थेने काम केलं ती दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते, कंपनीत त्या खुर्चीवर नवा माणूस असतो, आणि ग्रामपंचायत म्हणते की हे आमच्या नोंदीत नाही. कायद्याने चालू प्रकल्पांसाठी पुढची तीन वर्षं पैसा वेगळ्या खात्यात ठेवून वापरायची सोय केली आहे, पण देखभाल-दुरुस्तीसाठी ती वापरताना मला फार कमी जण दिसले. जिथे दिवे चालू आहेत तिथे बहुतेक वेळा एकच कारण सापडतं: बचत गटातल्या बायका दर महिन्याला थोडे पैसे जमा करतात, आणि पाड्यातल्या एखाद्या पोराला वायरिंग शिकवलेलं असतं. दिव्यावर कंपनीने केलेल्या खर्चापेक्षा त्या पोराला शिकवण्यावर केलेला खर्च किरकोळ, आणि टिकलेला तोच.

हे सगळं खरं असलं तरी मला लिहायचंय ते याच्या आधीच्या टप्प्याबद्दल: कंपनी गावातली जमीन कशी घेते त्याबद्दल.

कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. काम शक्यतो जिथे कंपनीचा कारभार चालतो त्या परिसरात करावं, असंही त्यात आहे. आता सौर किंवा पवन ऊर्जेची मोठी कंपनी एकेका प्रकल्पासाठी वेगळी उपकंपनी काढते. कर्ज देणाऱ्याला ते सोयीचं असतं, उद्या प्रकल्प विकायला सोपं जातं. त्या उपकंपनीची पहिली काही वर्षं व्याज आणि घसाऱ्यात, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी वजा होणाऱ्या रकमेत, जातात. नफा दिसतच नाही, किंवा ५ कोटींच्या आत राहतो. म्हणजे ज्या कंपनीच्या नावाने गावातली जमीन घेतली, तिच्यावर सीएसआरचा एक रुपयाही लागू होत नाही, हे सहज शक्य आहे. मुंबईतल्या मूळ कंपनीवर तो लागू होतो, आणि तिचा परिसर मग मुंबईच मानला जाऊ शकतो. राज्यांमध्ये सीएसआरचा सर्वाधिक खर्च महाराष्ट्रात नोंदला जातो. तो राज्यात कुठे पडतो, कुठल्या तालुक्यापर्यंत पोचतो, हे मात्र ती नोंद सांगत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते मला. कंपनीचा जो नेहमीचा व्यवसाय, त्यातलं काहीही सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर कुणीही आपल्या धंद्याचाच खर्च समाजसेवा म्हणून दाखवील. पण त्यामुळे होतं असं की जमिनीचा योग्य भाव, वारसांची चौकशी, गुरांच्या वाटेची सोय, पाण्याचा वापर, प्रकल्प संपल्यावर जागा साफ करणं, हे सगळं नेहमीच्या व्यवसायात जातं, आणि सामाजिक जबाबदारी नावाचा विभाग याकडे बघतच नाही. तो विभाग शाळेची भिंत रंगवत असतो. जमिनीचे व्यवहार दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या माणसांच्या हातात, आणि बरेचदा कंपनीतल्या कुणाच्याच नाही तर बाहेरच्या दलालाच्या हातात असतात.

शिवाय सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालची पूर्वमंजुरी लागत नाही. कोळशाच्या केंद्राला लागते, आणि तिच्यातच जनसुनावणी असते. ही सूट का दिली ते मला समजतं. देशाला २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणारी, क्षमता उभी करायची आहे. २०२५ च्या मध्यात आपली निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ज्या शहराला दर पावसाळ्यात समुद्राची भीती वाटते, त्या शहरात राहून मी याच्या विरोधात कशी असेन? पण मंजुरी गेली तशी जनसुनावणीही गेली. माइक लावून, इतिवृत्त लिहून, गावाने अधिकाऱ्यांसमोर बोलायची ती एक हक्काची जागा होती. ती दुसऱ्या कुठल्या रूपात परत आणायला हवी होती. ती आणली गेली नाही.

आमच्या आजोळच्या वर सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. ज्यांनी वनकुसवडे किंवा चाळकेवाडी पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणते ते: काळा-तांबडा कातळ, पावसाळ्यात त्यावर फुलं, आणि बारा महिने वारा. नव्वदच्या दशकात तिथे पवनचक्क्या आल्या. त्या काळी पवनचक्की उभारणाऱ्याला तिची शंभर टक्के किंमत पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून घसारा म्हणून वजा करता येत असे. २००२ मध्ये ते प्रमाण ८० टक्क्यांवर आणलं. या सवलतीमुळे ज्यांना वीज बनवण्यात काही रस नव्हता, पण कर वाचवायचा होता, असे पुष्कळ लोक वाऱ्याच्या शोधात साताऱ्याच्या डोंगरावर पोचले. मामाच्या घरातल्या सगळ्या भावांची आणि आजोबांची मिळून वर जमीन होती. एक भाऊ सुरतेला, एक मुंबईत माझ्या आजोबांजवळ.

"सड्यावर काय पिकायचं गं पोरी," मामा सांगतो. "नाचणी, वरी, तीबी पोटापुरती. दलाल म्हनला, खडकाला पैसं मिळत्यात, घ्या. घेतलं."

भाव ठरवताना त्या जागेवर किती वारा वाहतो याची मोजणी झालेली होती. मोजणीचा तो आकडा विकत घेणाऱ्याकडे होता, मामाकडे नव्हता. त्याला वाटलं आपण कातळ विकतोय. आजोबांची सही मुंबईत, गिरणी बंद पडल्यानंतरच्या त्या तंगीच्या दिवसांत घेतली गेली. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्या खोऱ्यातल्या पाण्याच्या विजेवर साचा चालवला, त्याचा स्वतःचा वारा असा गेला. यात कुणी कायदा मोडला असं मी म्हणत नाही. व्यवहार नोंदवलेले आहेत, सातबारा बदललेला आहे. पण ज्याला आपण काय विकतोय हे माहीत नाही त्याच्याकडून विकत घेताना, ते त्याला सांगणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे की नाही? मला वाटतं, आहे. आणि पुढे कितीही शाळांना संगणक दिले तरी ती जबाबदारी फिटत नाही.

वरच्या पठारावर पुढे काय झालं, त्याचा एक अभ्यास झाला आहे. बंगळूरच्या त्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नव्हत्या तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पाती फिरतात तिथे ससाणे-घारी कमी, म्हणून सरडे फार झाले. गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेले ते सरडे. आणि ते नुसते वाढले नाहीत: खाण्यासाठी आपसात स्पर्धा वाढून ते अंगाने किरकोळ झाले, त्यांच्या नरांचे रंग फिके पडले, माणूस जवळ आला तरी पूर्वीसारखे पळेनात. वाऱ्यावर वीज बनवायची म्हटलं की हे कुणाच्या मनात आलं नसेल, आणि त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. पण आता माहीत झालंय. माहीत झाल्यावर त्या कंपन्यांनी त्या पठारासाठी काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच वार्षिक अहवालात मला दिसलेला नाही. वृक्षारोपणाचे फोटो दिसतात. सड्यावर झाडं लावणं म्हणजे सड्याचं भलं नव्हे. कातळावरची ती उघडी जमीन हेच तिथलं जंगल आहे.

राजस्थान-गुजरातेत हाच प्रश्न माळढोकाच्या निमित्ताने न्यायालयात गेला. वीजवाहिन्यांना धडकून मरणारा हा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल केला आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात म्हटलं की कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीत पर्यावरणाची जबाबदारी अंगभूतच धरली पाहिजे. हे वाक्य वाचून मला बरं वाटलं. सोलापूरजवळ नान्नजला आपलंही माळढोक अभयारण्य आहे, आणि तिथे आता माळढोक दिसणं ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे.

सगळं वाईटच चाललंय असं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत राज्याने जमीन विकत घेण्याऐवजी भाडेपट्ट्याने घ्यायचा मार्ग ठेवला: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दर वर्षी ३ टक्के वाढ. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहतं. आमच्या मामाला जे मिळालं नाही ते हेच. तरी साधा हिशेब करून बघा. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. म्हणजे वर्षाचं भाडं दोन-अडीच लाख. तेवढ्या पॅनेलांतून वर्षाला पंधरा लाख युनिटच्या आसपास वीज निघते. युनिटला तीन रुपये धरले तर पंचेचाळीस लाख. यंत्रं, कर्ज, जोखीम कंपनीची, हे मान्य. पण भाडं दर वर्षी पिकाच्या पैशासारखं दारात येतं, आणि त्या आकड्यावर गावाला बसून बोलता येतं. तेच महत्त्वाचं. जिथे गायरान दिलं जातं तिथे मात्र हे बोलणं अवघड होतं. गायरान कागदावर सरकारचं. त्यावर शेळ्या चारणारे, सरपण गोळा करणारे, पिढ्यानपिढ्या तुकडा कसणारे भूमिहीन कुठल्याच कागदावर नसतात. भाडं त्यांच्या हातात येत नाही, आणि कुंपण मात्र त्यांच्याच वाटेवर पडतं.

धुळ्याच्या विखरण गावचे धर्मा पाटील वीज प्रकल्पाला गेलेल्या आपल्या पाच एकरांचा मोबदला मागत वर्षानुवर्षं खेटे घालत होते. हातात चार लाख पडले होते. वयाची ऐंशी ओलांडलेला हा माणूस २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष प्यायला आणि सहा दिवसांनी गेला. प्रकल्प नको असं ते म्हणत नव्हते. मंत्रालयापासून नरिमन पॉइंटच्या कंपन्यांची कार्यालयं पायी पाच मिनिटांवर आहेत. त्या रस्त्याने जाताना मला ते आठवतात. तिथे जमीन सरकारने घेतली होती, कंपनीने नाही. पण पुढे जी कंपनी अशा जमिनीवर पॅनेल मांडायला येते, तिने आधीचा मोबदला नीट मिळाला का हे विचारायला काय हरकत आहे? सूट-बूट घालून विचारा, नाहीतर पायात चपला घालून विचारा, पण विचारा.

सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा वेगळा अहवाल बंधनकारक केला. त्यात विस्थापितांची, स्थानिकांच्या तक्रारींची माहिती मागितलेली आहे. मी असे अहवाल वाचते. तक्रारींच्या रकान्यात शून्य लिहिलेलं वारंवार दिसतं. तक्रार कुठे करायची हे गावाला मराठीतून कधी सांगितलं होतं का, हा रकाना मात्र नाही. मी माझ्या अहवालांत आता तो प्रश्न घालते, कुणी मागितलेला नसला तरी.

आणि आता आमच्या सड्यावर पुन्हा हालचाल सुरू झाली आहे. जुन्या, लहान पवनचक्क्यांचं आयुष्य संपत आलंय. त्या काढून उंच, मोठ्या पवनचक्क्या बसवायचं केंद्राचं धोरण २०२३ मध्ये आलं. नव्या यंत्रांची पाती इतकी लांब की ती वर नेणाऱ्या ट्रेलरसाठी घाटातलं प्रत्येक वळण रुंद करावं लागतं. म्हणजे रस्त्याकडेची जमीन लागणार, ती अजून गावाची आहे. या वेळी विकणाऱ्याला माहीत आहे की आपण काय देतोय.

मामेभाऊ ग्रामपंचायतीत सदस्य आहे. ग्रामसभेपुढे ठेवायचा ठराव आम्ही दोघे फोनवर लिहितोय. जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची. भाडं दरवर्षी वाढायचं. वाऱ्याची मोजणी गावाला दाखवायची. जुनी यंत्रं, काँक्रीटचे पाये आणि तुटकी पाती खाली नेण्याचा खर्च कंपनीने आधीच बँकेत ठेव म्हणून ठेवायचा. वर्षातून एकदा कंपनीच्या जबाबदार माणसाने ग्रामसभेत येऊन मराठीत हिशेब द्यायचा. पक्ष्यांची नोंद ठेवायची आणि ती तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांकडून करून घ्यायची.

"ताई, हे सीएसआरमध्ये बसंल का?" भावाने विचारलं. मी म्हटलं, बसत नाही आणि बसवायचंही नाही. हे करारातच हवं. शाळेला त्यांना काही द्यायचं असेल तर वेगळं द्या म्हणावं, आनंदाने घेऊ.

काल रात्री त्याचा परत फोन आला. वरच्या वाडीतल्या धनगरांची नावं एकाही सातबाऱ्यावर नाहीत, पण त्यांची गुरं सड्यावरच चरतात. त्यांचं ठरावात काय लिहायचं? चराईच्या हक्कावर वेगळं कलम घालून मी मसुदा आज सकाळी त्याला पाठवला. तो म्हणाला, सभेच्या आधी वाडीवर जाऊन ते वाचून दाखवतो, आणि त्यांनी काय सांगितलं ते परत लिहून घेतो.